सर्व्हर बदलल्यावर सेशन का हरवते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयाचा ऑनलाइन प्रवेशअर्ज साध्या पीएचपीमध्ये लिहिलेला आहे, त्यात कोणतेही फ्रेमवर्क नाही. इतकी वर्षे तो सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीच्या एकाच सर्व्हरवर चालत होता. आता तो उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या दोन सर्व्हरांवर हलवला असून त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या दोघांत वाटून देणारी यंत्रणा आहे. तेव्हापासून काही विद्यार्थ्यांना अर्ज भरताना मध्येच पुन्हा लॉगिन करावे लागते, काहींनी भरलेले रकाने पुढे गेल्यावर कोरे दिसतात, आणि पेमेंट गेटवेवर शुल्क भरून परत आल्यावर बऱ्याच जणांपुढे थेट लॉगिनचे पान येते. तुम्ही कोडमध्ये सेशनची मुदत २४ मिनिटांवरून आठ तासांवर नेली, तरी फरक पडला नाही. तुमच्या स्वतःच्या संगणकावर मात्र हे एकदाही घडलेले नाही.

कोणती सेटिंग चुकली, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते इथे एक नव्हे, तर निदान तीन वेगवेगळे दोष एकाच नावाखाली जमा झाले आहेत. ‘सेशन जाते’ ही वापरणाऱ्याला दिसणारी तक्रार झाली; ते निदान नव्हे. स्थलांतरानंतरच्या अशा कामांत मी पुष्कळदा पाहिले आहे की घाईने एकेक सेटिंग बदलत गेले की एक दोष झाकला जातो, दुसरा उघडा पडतो आणि शेवटी कोणत्या बदलामुळे काय झाले हेच कळेनासे होते. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे तुमच्यासारखी स्थलांतरे अनेकांनी केली आहेत आणि त्यांतल्या अडचणी बऱ्याच सारख्या आहेत. तरीही तुमच्या लोड बॅलन्सरची वाटपाची पद्धत कोणती, पेमेंट गेटवे विद्यार्थ्याला कोणत्या पद्धतीने परत पाठवतो आणि पत्ता बदलला आहे का, या तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. माझे पुढचे बरेचसे म्हणणे त्यांवर अवलंबून आहे.

सेशनची रचना मुळात साधी आहे. भरलेली माहिती सर्व्हरवर राहते आणि ब्राउझरकडे कुकीच्या रूपाने फक्त एक ओळखक्रमांक असतो. देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला येतो, तसा. त्यामुळे हरवण्याच्या जागाही मोजक्याच आहेत. एक तर बिल्लाच हातातून गेला. किंवा बिल्ला आहे, पण तो दुसऱ्याच स्टँडवर दाखवला. किंवा स्टँड बरोबर आहे, पण तो कप्पा मधल्या वेळात कोणीतरी रिकामा केला. किंवा एकाच कप्प्यात दोघांनी एकाच वेळी हात घातला. तुमच्या वर्णनात मला पहिले तीनही प्रकार दिसतात, आणि चौथा प्रकार दुरुस्ती करताना नव्याने ओढवण्याची शक्यता आहे.

म्हणून आधी एकही सेटिंग न बदलता एक छोटे तपासणीचे पान दोन्ही सर्व्हरांवर ठेवा. त्या पानाने सेशन सुरू करून त्यातला एक आकडा दर वेळी एकाने वाढवावा आणि चार गोष्टी छापाव्यात: सर्व्हरचे नाव, ओळखक्रमांकाची शेवटची चार अक्षरे, सेशन साठवण्याची जागा आणि तो आकडा. पूर्ण ओळखक्रमांक छापू नका, कारण तो ज्याच्या हाती पडेल त्याला त्या विद्यार्थ्याच्या खात्यात शिरता येते. तपासणी संपली की पानही काढून टाका. आता लोड बॅलन्सरच्या पत्त्यावरून ते पान आठ-दहा वेळा ताजे करा आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कची नोंद चालू ठेवा.

आकडा १, २, ३, ४ असा वाढत गेला, तर निदान तुमच्या जागेवरून तरी साखळी शाबूत आहे. तो १, १, २, २, ३, ३ असा वाढला आणि सर्व्हरचे नाव आलटून पालटून बदलत राहिले, तर दोन्ही सर्व्हर आपापल्या डिस्कवर वेगवेगळे सेशन ठेवत आहेत. पीएचपी मूळ अवस्थेत अनोळखी ओळखक्रमांकही स्वीकारते, त्यामुळे दुसरा सर्व्हर तोच क्रमांक घेऊन गुपचूप नवी, रिकामी फाइल उघडतो आणि लॉगमध्ये काहीच येत नाही. आकडा प्रत्येक वेळी १ च राहिला आणि ओळखक्रमांकही दर वेळी बदलला, तर दोन शक्यता आहेत. ब्राउझर कुकी परत पाठवतच नसेल. किंवा ‘यूझ स्ट्रिक्ट मोड’ ही सेटिंग चालू असल्यामुळे प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याने दिलेला क्रमांक नाकारून नवा देत असेल. या दोहोंतला फरक नेटवर्कच्या नोंदीत लगेच दिसतो: विनंतीत कुकी गेलेली आहे आणि तरीही उत्तरात नवी ‘सेट-कुकी’ ओळ (ब्राउझरला कुकी ठेवायला सांगणारी) आली, तर दोष सर्व्हरच्या बाजूला आहे, विनंतीत कुकीच नसेल, तर ब्राउझरच्या बाजूला पाहायचे.

तुमच्या विद्यार्थ्यांचे रकाने कोरे का दिसतात, हे १, १, २, २ या आकड्यांवरून समजते. विद्यार्थी पहिल्या सर्व्हरवर लॉगिन करतो आणि दोन पाने भरतो. तिसऱ्या पानाची विनंती दुसऱ्या सर्व्हरवर जाते. तिथे त्याच क्रमांकाची फाइल रिकामी असल्याने त्याला लॉगिन मागितले जाते. तो निमूटपणे पुन्हा लॉगिन करतो. तुमच्या कोडमध्ये लॉगिननंतर ओळखक्रमांक बदलण्याची व्यवस्था नसेल, तर आता दोन्ही सर्व्हरांवर तो लॉगिन झालेला आहे, अर्जाची पहिली दोन पाने एकीकडे आणि पुढची दुसरीकडे आहेत, आणि अर्ज सादर करताना जो सर्व्हर वाट्याला येईल त्याच्याकडची अर्धीच माहिती नोंदवली जाते. पुन्हा लॉगिन आणि कोरे रकाने या दोन तक्रारी इथे एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत. कृपया सादर झालेले अर्जही तपासा. अर्धवट नोंदवला गेलेला अर्ज गुणवत्ता यादीच्या दिवशीच लक्षात आला, तर त्या विद्यार्थ्याचे वर्ष जाऊ शकते.

तुमच्याकडे हे घडत नाही, याचे एक संभाव्य कारण असे की लोड बॅलन्सर आयपी पत्ता पाहून माणसाला एकाच सर्व्हरशी बांधून ठेवत असेल. कार्यालयातून तुमचा आयपी बदलत नाही, पण घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर जाणाऱ्या विद्यार्थ्याचा बदलतो. हे पडताळायला सोपे आहे. वर सांगितलेले पान उघडून आकडा ४-५ पर्यंत नेऊन ठेवा, मग तोच लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून त्याच ब्राउझरमध्ये पान ताजे करा. एकदा-दोनदा हे केले की सर्व्हरचे नाव बदलून आकडा एकावर आलेला दिसेल. दुसरे साधे कारणही असू शकते: चाचणीसाठी तुमच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (संकेतस्थळाच्या नावाला आयपी पत्ता हाताने जोडून देणारी फाइल) एकाच सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवलेला असेल आणि तो काढायचा राहिला असेल.

यावर लोक पटकन जो उपाय सुचवतात तो म्हणजे लोड बॅलन्सरवर कुकीच्या आधाराने माणसाला सर्व्हरशी बांधणे. प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर असेल, तर तो आज जरूर करा. आयपीपेक्षा कुकीचा आधार केव्हाही बरा. पण त्यावर विसंबून राहू नका, कारण एक सर्व्हर बंद पडला किंवा दुरुस्तीसाठी काढला की त्यावरचे सगळे विद्यार्थी एकदम बाहेर फेकले जातात, आणि दोन सर्व्हर घेण्यामागचा हेतूच उरत नाही. खरा उपाय सेशन दोन्ही सर्व्हरांना सामाईक अशा एका जागी ठेवणे हाच आहे. ती जागा रेडिस (माहिती मेमरीत ठेवणारा वेगवान साठा) असावी की तुमचा सध्याचा डेटाबेस, हे तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. रेडिसची देखभाल करणारे कोणी नसेल, तर डेटाबेसमधले एक टेबल या कामाला पुरते. सेशनची डिरेक्टरी नेटवर्कवरून दोघांना वाटून देण्याचा मार्ग मी टाळतो. चालतो, पण गर्दीच्या वेळी फाइलींची कुलपे मंदावतात आणि दोष शोधणे अवघड होते.

रेडिस निवडलेत, तर दोन गोष्टींकडे आधी लक्ष द्या, कारण चौथा प्रकार इथेच येतो. पीएचपी फाइलमध्ये सेशन ठेवते तेव्हा एका विनंतीचे काम संपेपर्यंत ती फाइल कुलूपबंद असते आणि त्याच माणसाची दुसरी विनंती वाट पाहते. पीएचपीच्या रेडिस एक्स्टेन्शनमध्ये हे कुलूप मूळ अवस्थेत बंद असते. समजा, तुमच्या अर्जात पार्श्वभूमीला आपोआप जतन होण्याची सोय आहे. विद्यार्थी दहावीचे गुण भरून ‘पुढे’ दाबतो त्याच क्षणी आपोआप जतन करणारी विनंतीही जाते. दोन्ही विनंत्या सेशनची जुनी प्रत वाचतात. पहिली त्यात गुण लिहून ठेवते, दुसरी तिच्यापाशी असलेली गुण नसलेली प्रत तिच्यावर लिहिते. गुण गेले, कुठेही चूक नोंदली गेली नाही, आणि हे शंभरातल्या एखाद्यालाच घडत असल्याने कोणी विश्वासही ठेवत नाही. तेव्हा रेडिसचे सेशन लॉकिंग मुद्दाम चालू करा.

दुसरी गोष्ट जागेची. रेडिसची मेमरी भरली की काय करायचे, हे त्याच्या धोरणावर ठरते. धोरण जुन्या किल्ल्या, म्हणजे साठवलेल्या नोंदी, काढून टाकण्याचे असेल, तर पानांच्या कॅशेबरोबर (तात्पुरत्या साठवलेल्या प्रतींबरोबर) सेशनही निघून जातात; धोरण काहीच न काढण्याचे असेल, तर नवे लिहिणेच अडते. म्हणून सेशनसाठी रेडिसची स्वतंत्र प्रत चालवावी. कॅशे आणि सेशन एकाच डेटाबेसात असले आणि नवा कोड चढवताना कोणी पूर्ण कॅशे रिकामी करणारी आज्ञा दिली, तर त्या क्षणी लॉगिन असलेला प्रत्येक जण बाहेर पडतो. अर्थात रेडिसचा पोर्ट बाहेरच्या जगाला दिसता कामा नये, कारण सेशनमध्ये विद्यार्थ्यांची जन्मतारीख, जात आणि पालकांचे उत्पन्न असे सगळे आहे.

आता मुदत वाढवूनही फरक का पडला नाही, त्याविषयी. हा मुद्दा मी जरा विस्ताराने लिहितो, कारण उबंटूवर आलेले बहुतेक लोक इथेच अडखळतात. पीएचपीत सेशनच्या साफसफाईची मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. पण ती संपली की फाइल त्याच क्षणी जाते असे नाही. सेंटओएसवर येणाऱ्या सेटिंगनुसार सरासरी हजार विनंत्यांतून एखाद्या विनंतीच्या वेळी सफाई होत असे, त्यामुळे वर्दळ कमी असताना २४ मिनिटांचे सेशन तासन्‌तास जगत असे. जुन्या सर्व्हरने तुमचा हा प्रश्न झाकून ठेवला होता. डेबियन (उबंटू ज्यावर आधारलेली आहे ती प्रणाली) आणि उबंटूमध्ये रचना वेगळी आहे. तिथे सेशनची डिरेक्टरी अशा परवानग्यांची असते की पीएचपीला तीत फाइल बनवता येते, पण फाइलींची यादी वाचता येत नाही. म्हणून पीएचपीची स्वतःची सफाई बंद ठेवलेली असते आणि प्रणालीचे ‘सेशनक्लीन’ हे काम दर अर्ध्या तासाने येऊन मुदत उलटलेल्या फाइली नेमाने पुसते.

हे काम मुदत कुठून वाचते? पीएचपीच्या सेटिंग्जच्या मुख्य फाइलमधून, म्हणजे पीएचपी डॉट आयएनआयमधून. तुम्ही मुदत कोडमध्ये वाढवली. ती त्या विनंतीपुरती खरी असते. सफाई करणाऱ्या कामाला तिची गंधवार्ताही नसते. एफपीएमच्या (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) पूल फाइलमध्ये वाढवली असती, तरी तेच झाले असते. परिणामी जो विद्यार्थी एकाच पानावर अर्धा तास थांबतो, म्हणजे जातीचा दाखला शोधतो, फोटो ठरलेल्या केबीत बसवतो, वडिलांना फोन करून उत्पन्नाचा आकडा विचारतो, त्याची फाइल पुढे जाण्याआधीच पुसली जाऊ शकते. वेगाने अर्ज भरणाऱ्याला, म्हणजेच चाचणी घेणाऱ्या तुम्हाला, हे कधीच दिसत नाही. खात्री करायची असेल, तर लॉगिन करून सर्व्हरवर तुमची सेशन फाइल शोधा, तिची वेळ टिपून घ्या आणि तासाभराने त्या डिरेक्टरीत पुन्हा पाहा. फाइल नसेल, तर दोष सापडला. मुदत दोन्ही सर्व्हरांच्या पीएचपी डॉट आयएनआयमध्ये सारखी ठेवा. सेशन रेडिसमध्ये गेल्यावर या कामाचा संबंध संपतो, कारण तिथे प्रत्येक किल्लीला तिची मुदत लिहितानाच जोडलेली असते. त्या वेळी फाइली पाहतच आहात, तर त्यांचा आकारही पाहा. सगळ्या शून्य बाइटच्या असतील, तर डिस्क भरली असण्याची शक्यता आहे.

तिसरी तक्रार, पेमेंटची, पूर्णपणे वेगळी आहे आणि सामाईक साठवणीने ती सुटणार नाही. ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळावरून तुमच्याकडे येताना कुकी पाठवायची की नाही, हे ‘सेमसाइट’ या गुणधर्मावर ठरवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून हा गुणधर्म न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरली जाऊ लागली. लॅक्स कुकी साध्या दुव्याने, म्हणजे गेट विनंतीने आल्यास जाते, पण गेटवेने पोस्ट विनंतीने (फॉर्म सादर केल्यासारखी माहिती सोबत पाठवून) परत पाठवल्यास जात नाही. कुकी ‘स्ट्रिक्ट’ असेल, तर गेटनेही जात नाही. नवा सर्व्हर उभारताना कोणी सुरक्षेची यादी पाहून स्ट्रिक्ट लावले असेल, तर तुमची तक्रार तंतोतंत जुळते. दुसरी शक्यता अशी की जुन्या सर्व्हरवर अपाची या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक कुकीला ‘सेमसाइट नन’ (दुसऱ्या संकेतस्थळावरून येतानाही कुकी पाठवा) जोडणारी एक ओळ होती. सेंटओएस ७ सोबत येणाऱ्या पीएचपी ५.४ मध्ये हा गुणधर्म द्यायची सेटिंगच नव्हती, ती ७.३ मध्ये आली, म्हणून लोक तो अपाचीतून लावत. स्थलांतरात कोड आणि डेटाबेस येतो. अशी एकटी ओळ मागे राहते. जुन्या सर्व्हरची कॉन्फिगरेशन डिरेक्टरी जपून ठेवली असेल, तर तीत ‘सेट-कुकी’ हा शब्द शोधा.

‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ (कुकी फक्त एचटीटीपीएसवरून पाठवणारा गुणधर्म) लावून हे चालू होईल. मला मात्र वेगळी रचना अधिक भरवशाची वाटते. गेटवे ज्या पत्त्यावर परत येतो, त्या पानावर सेशन सुरूच करू नका. तिथे फक्त गेटवेची सही पडताळा, व्यवहारक्रमांकावरून अर्ज ओळखा, निकाल डेटाबेसात नोंदवा आणि विद्यार्थ्याला ३०३ ने (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर जायला सांगणाऱ्या उत्तराने) आपल्याच पावतीच्या पानाकडे पाठवा. ते पाठवणे गेटने होत असल्याने लॅक्स कुकी बरोबर जाते. परतीच्या पानावर सेशन सुरू केल्यास कुकी न आल्यामुळे पीएचपी नवा क्रमांक देते आणि तो ब्राउझरमधल्या जुन्या, चांगल्या क्रमांकावर बसतो. म्हणजे शुल्क भरूनही विद्यार्थ्याचे आधीचे लॉगिन तुमचेच पान पुसते. परतीचा पत्ता गेटवेच्या पॅनेलमध्ये नेमका कसा लिहिला आहे, हेही पाहा. ‘एचटीटीपीएस’ ऐवजी ‘एचटीटीपी’ राहिले असेल किंवा सुरुवातीचे तीन डब्ल्यू कुठे आहेत आणि कुठे नाहीत अशी गल्लत असेल, तरी कुकी जाणार नाही. लोड बॅलन्सरच्या मागे हे विशेष घडते: बाहेर एचटीटीपीएस असते, पण आतल्या सर्व्हरला विनंती साध्या एचटीटीपीने येते, आणि कोड त्यावरून स्वतःचा पत्ता बनवत असेल, तर तो चुकीचा बनतो.

एक प्रकार तुम्ही लिहिलेला नाही, तरी विचारून घ्या: ज्यांना त्रास होतो ते गुप्त खिडकीत उघडल्यावर सुरळीत चालते का? चालत असेल, तर जुन्या सर्व्हरची कुकी अजून त्यांच्या ब्राउझरमध्ये आहे. अर्ज आधी उपडिरेक्टरीत होता आणि आता मुळाशी आला, असे काही झाले असल्यास एकाच नावाच्या दोन कुकी जातात, लांब पाथची (संकेतस्थळातल्या ज्या मार्गासाठी कुकी लागू असते तो पाथ) आधी जाते आणि पीएचपी पहिली उचलते. सेशनचे नाव बदलले की हा गुंता सुटतो. आणि कोणा विद्यार्थ्याला दुसऱ्याचाच अर्ज दिसला, अशी एक जरी तक्रार आली, तर बाकी सगळे थांबवून आधी संकेतस्थळ बंद करा. मधली एखादी कॅशे कुकीसकट पाने साठवत असण्याची शक्यता आहे.

या सगळ्याच्या आधी एक काम करावे असे मी सुचवेन. अर्जाचे प्रत्येक पान ‘पुढे’ दाबताच डेटाबेसातल्या मसुद्याच्या टेबलात नोंदवा आणि सेशनमध्ये फक्त ‘कोण लॉगिन आहे’ एवढेच ठेवा. सेशन मुळात तात्पुरते असते. विद्यार्थ्याने दोन तास बसून भरलेली माहिती तिथे एकट्यावर सोडण्यासारखी नाही. मसुदा आला की कोणत्याही कारणाने लॉगिन गेले तरी विद्यार्थ्याला पुन्हा आत येऊन होता तिथून पुढे जाता येईल, आणि उरलेले दोष तुम्हाला शांतपणे शोधता येतील.

सेशन सामाईक जागी नेताना चालू असलेली सर्व सेशन एकदा जाणारच. ती फाइलींतून उचलून नेण्याचा खटाटोप करू नका. मसुद्याची सोय आधी चढवा, ती दोन-तीन दिवस नीट चालू द्या, आणि मग मुदतीच्या दिवसांपासून दूरची एखादी रात्र निवडून साठवणीची जागा, सेशनचे नाव आणि सेमसाइटची सेटिंग एकाच वेळी बदला, म्हणजे विद्यार्थ्यांना तीनदा नव्हे, एकदाच पुन्हा लॉगिन करावे लागेल. दोन्ही सर्व्हरांवर बदल झाल्यावर एक सर्व्हर लोड बॅलन्सरमधून मुद्दाम काढा आणि तपासणीचे पान ताजे करा. आकडा न तुटता पुढे गेला, तर तो सर्व्हर परत जोडा आणि पान पुसून टाका.